उंबऱ्यावरचा धूर

हसाजीभाऊ, तुमच्या घरची चूल सात दिवस पेटायची नाही असं तुमच्या कारभारीण, दीनाबाई, म्हणाल्या, तेव्हा मी उभ्या उभ्या वाटणी करून टाकली. सकाळचा चहा आमच्याकडून. दुपारचा वरणभात पाटलांच्या सुनेकडून. संध्याकाळची भाकरी आणि वालाचं बिरडं पुन्हा आमच्याकडून, कारण दुसऱ्या कोणाच्या बिरड्याला तुम्ही जन्मात बरं म्हटलं नाहीत. ठाण्या-कल्याणहून आलेल्या तुमच्या माणसांना निजायला घोंगड्या मिळवल्या. घाण्याच्या बैलाची आठवण कोणालाच नव्हती. तुम्हाला ओढ्यापलीकडे मातीत ठेवून आम्ही परतलो, तर तो आपल्या रिंगणात जाऊन उभा, खांद्यावर काही नसताना. त्याला वैरण टाकली.

एवढं झालं आणि करण्यासारखं काही उरलं नाही. म्हणून आता तुमच्याशी बोलते. रडायला बसण्यापेक्षा हे बरं.

पहिली गोष्ट आधी सांगते, बाकीची ओळीने येईल. सदू बोलला. माझा धाकटा भाऊ सदू, लढाईवरून परतल्यापासून ज्याच्या तोंडून शब्द निघाला नव्हता, तो तुम्ही गेलात त्या सकाळी बोलला. काय बोलला ते शेवटी. तुम्हाला घाई आवडत नसे आणि मला गोष्ट मधूनच सुरू झालेली आवडत नाही.

सुरुवात आईच्या तोंडून झाली. तुमच्या थोरल्याचा विषमज्वर उतरला म्हणून तुम्ही घरी तुमच्या यहुदी रीतीने मलिदा घातला होता. पांढऱ्या कापडावर ताट, त्यात पोहे, गूळ, खोबरं, वर केळी नि खजूर आणि सब्जाची डहाळी. तुम्ही टोपी घालून उभे राहून एलियाहू हन्नाबीचं गाणं म्हणत होतात. आम्ही शेजारच्या बायका ओटीवर. शब्द कळत नसत, पण चाल आम्हाला आमच्या आरतीइतकी पाठ होती. सदू ब्रह्मदेशाच्या बाजूला होता आणि कित्येक महिन्यांत कागद नव्हता. दीनाबाईंनी आईच्या तळव्यावर मलिदा ठेवला. आईने तो खाल्ला नाही. मूठ मिटली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माजा सदू जिता येऊ दे. तुमच्या देवाला बोकड देईन."

गाणं थांबलं नाही, पण तुमचा आवाज खाली गेला. नंतर तुम्ही आईजवळ येऊन बसलात आणि समजावलंत की मावशी, असं बोलू नये, आमच्यात आता बोकड देत नाहीत. आईने विचारलं, तुम्हाला थोडाच देणार आहे? आणि मग मूठ उघडून मलिदा खाल्ला.

लढाई थांबली आणि सदू आला. मुरबाडहून चालत आला. अंगावर जखम नाही, हातपाय धड. आईने दारातच तांब्या त्याच्यावरून ओवाळला, नाव घेऊन हाक मारली. त्याने तोंड उघडलं आणि आतून काही आलं नाही. कल्याणच्या डॉक्टराने घसा पाहून सांगितलं की घशाला काही झालेलं नाही.

दुसरी एक गोष्ट होती, ती घरात कोणी उच्चारत नसे. सदू गोठ्यासमोरून गेला की शेळ्या चघळायच्या थांबत. भीत नसत. उठून उभ्या राहत आणि तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहत. आमचा कुत्रा त्याच्यावर भुंकत नसे आणि शेपूटही हलवत नसे. माणूस आला होता, पण त्याच्यामागून काहीतरी यायचं राहिलं होतं.

आईचं म्हणणं सरळ होतं. देवाने सदू दिला, बोकड अजून मिळाला नाही, म्हणून आवाज तारण ठेवून घेतला. बोकड द्या, आवाज सोडवून आणा. गावातल्या भगताने तोड सुचवली की बोकड आपल्या गावदेवीला द्या, ती पुढे पोचता करेल. आईने त्याला ओटीवरून उठवलं आणि मला घेऊन तुमच्या घाण्यावर आली.

तुम्ही बैल थांबवलात. सगळं ऐकून एकच विचारलंत, नवस कोणाला बोललात. हन्नाबीला बोलला असाल तर तो नवसच नाही, कारण हन्नाबी निरोप्या आहे, देव नाही. हे तुम्ही जरा आशेने विचारलंत, हे माझ्या लक्षात आलं. प्रश्न इथेच मिटावा असं तुम्हाला वाटत होतं.

आई म्हणाली, "ज्याचं नाव तुमी तोंडानं घेत नाय, त्याला बोललेय."

तुम्ही भिंतीला टेकलात. दीनाबाई आतून बाहेर आल्या. खुरासणीच्या पेंडीचा वास नाकात बसलेला आणि घाणा बंद, त्यामुळे बैलाचा श्वास ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी घाणा बंद होता आणि तुमचा पाळायचा शनिवार नव्हता, म्हणून गावात चर्चा झाली. तुम्ही ठाण्याला गेलात, तुमच्या मशिदीत. तुम्ही सिनेगॉगला मशीदच म्हणायचात आणि नवखी माणसं तुम्हाला मुसलमान समजून सलाम करायची, तुम्ही तोही घ्यायचात. तिथे एडनकडचा एक म्हातारा जाणता उतरला होता. त्याला मराठी येईना, तुम्हाला त्याची भाषा येईना, मध्ये कोणीतरी हिंदुस्थानीत सांगत होतं. परत आलात ते थेट आमच्या ओटीवर, पायसुद्धा न धुता.

तुम्ही जे सांगितलंत ते मी नीट लक्षात ठेवलं, कारण कामाची गोष्ट होती. तुमचं ते मोठं घर, देवाचं घर, यरुशलेमला उभं होतं तेव्हा कोणत्याही जातीजमातीचा माणूस नवस बोलून तिथे बळी पाठवू शकत असे आणि तुमचे पुजारी तो घेत. शास्त्रात ‘जो कोणी’ म्हटलं आहे, त्यात आम्ही आलो. मात्र एकच प्रकार. पुरा जाळायचा. जेवणावळीचा बळी आमच्याकडून आला तरी तोही पुराच जळायचा. आणि पाप फेडायचा बळी आमच्याकडून घेतच नसत. मी विचारलं, का, आम्ही पाप करत नाही? तुम्ही म्हणालात, करता, पण त्याचा झाडा तिथे होत नाही.

मग ते घर पडलं. तेव्हापासून तुमच्यातल्या कोणालाही कुठेही बळी देता येत नाही. त्या जागेशिवाय दुसरीकडे दिला तर मोठा गुन्हा. इथवर बोलून तुम्ही पाण्याचा तांब्या हातात घेतलात, प्यायला नाहीत.

"तुम्हाला देता येतो," म्हणालात. "तुम्हाला कधीच त्या जागेचं बंधन नव्हतं. तुम्ही कुठेही दगड रचा, त्याच्या नावाने द्या. चालतं. आज, इथे, आपल्या वैशाखरे गावात."

तुम्हाला हात लावता येणार नव्हता. लाकूड देता येणार नव्हतं, जनावर धरता येणार नव्हतं, आमच्या वतीने काही करता येणार नव्हतं. फक्त कसं करायचं ते सांगता येणार होतं. म्हाताऱ्याने एवढी एकच फट ठेवली होती.

मी फटकन बोलून गेले. म्हटलं, म्हणजे दार आम्हाला उघडं आणि तुम्हाला बंद?

तुम्ही रागावला नाहीत. अंगणाकडे बघून म्हणालात, "बंद नाही गो बाय. आम्ही उंबऱ्यावर बसलोय. घरातल्या माणसाला उंबऱ्यावर बसवून ठेवलं म्हणजे तो परका होत नाही." तुमचे डोळे मात्र तसं सांगत नव्हते. वर्षानुवर्षं दर शनिवारी दिवा, टोपी, ते पुस्तक, सगळं सांभाळणारा माणूस, आणि त्याला ठाण्याहून आम्हाला हे सांगायला यावं लागलं की तुम्ही जा, माझ्याशिवाय जा. त्या दिवशी तुम्ही पाणी न पिता घरी गेलात.

मी तयारीला लागले. लग्नाच्या पंगतींचं सामान काढणं माझ्या हातचा मळ. हे तसंच एक कार्य समजून मी धरलं. तुम्ही ओटीवर बसून माझ्या यादीतली निम्मी कलमं काढायला लावलीत. हळदकुंकू नको. नारळ नको. ढोल नको, ताडी नको. दगड हवेत, पण लोखंड लागलेले नकोत, म्हणून पाथरवटाने उत्साहाने घडवून आणलेले चिरे परत पाठवावे लागले आणि तो माझ्याशी महिनाभर बोलला नाही. आम्ही ओढ्यातले गोटे आणले. लाकूड ऐनाच्या झाडाचं. मीठ, कारण तुमच्याकडे मिठावाचून काही चढत नसे. आग धरायला तेल लागणार होतं, म्हणून मी सवयीने भांडं घेऊन तुमच्या घाण्यावर आले. तुम्ही भांड्याकडे बघितलंत आणि मला मुरबाडला पाठवलंत. त्या आठवड्यात तुम्ही मला भाजीलासुद्धा तेल विकलं नाहीत.

शेणवे गावचा मामा आला तो सुरी घासूनच आला होता. त्याला वाटलं बोकड म्हणजे रस्सा. पुरा जाळायचा हे कळल्यावर तो तुमच्यासमोर येऊन बसला. म्हणाला, "हसाजीशेट, आमी मंग काय धूर जेवायचा?" तुम्ही म्हणालात, मी तर तोही जेवू शकत नाही. मामाने निदान कातड्याची तरी चौकशी केली, ढोलकीला होईल म्हणून. आई आतून ओरडली की सगळा म्हंजे सगळा. मामा कपाळ धरून म्हणाला, असला देव परवडायचा नाही, आपली गावदेवी बरी, निदान वाटून खाते. तुम्ही हसलात. त्या आठवड्यात तुम्ही हसलात ते तेवढंच.

बोकड मी मुरबाडच्या बाजारातून आणला. तांबूस रंगाचा, अंगावर खोड नाही. वाटभर गाडीत इतका ओरडला की गाडीवान वैतागला. अंगणात उतरवला, त्याने ओट्यावर बसलेल्या सदूला पाहिलं आणि गप्प झाला. तो पुन्हा ओरडला नाही. सदू उठला की तो उठे, सदू विहिरीवर गेला की मागोमाग जाई. दोघे मुके अंगणात शेजारी शेजारी बसत आणि आई त्यांच्याकडे बघून पदर तोंडाला लावी. आता सुरी कोण धरणार हा प्रश्न होता. मामाने हात वर केले. सदूने सुरी स्वतःच उचलली. तुम्ही त्याला शिकवलंत. केळीचा सोट आडवा ठेवलात आणि तुमच्या हातात गवताची काडी. दाबायचं नाही, ओढायचं, एकदाच. तुम्ही काडीने दाखवायचात, तो सुरीने करायचा. किती सोट वाया गेले.

मार्गशीर्षातली सकाळ होती. खाचरं कापून झालेली, टेपाडावर दगड रचलेले. तुम्ही खाली बांधावर उभे राहिलात, आमच्याकडे पाठ करून. मी विचारलं होतं, पाठ कशाला? तुम्ही म्हणालात, बघितलं तर हात पुढे होईल.

आणि आईने सवयीची चूक केलीच. देवीपुढे करतात तसं तिने बोकडाच्या पाठीवर पाणी ओतलं आणि त्याने अंग झाडायची वाट बघत उभी राहिली. जनावराने अंग थरथरवलं की देवाने रुकार दिला, ही आमची रीत. बोकड थरथरला नाही. पाणी त्याच्या अंगावरून निथळत राहिलं आणि तो सदूकडे बघत राहिला. मामा पुटपुटला, घेत नाय तो. बायका मागे सरल्या. वारा होता, पण ऐनाची पानं वाजत नव्हती.

बांधावरून तुमचा आवाज आला. "मावशी, थांबू नका. त्याला विचारायचं नसतं. द्यायचं."

तुमची पाठ होती, हसाजीभाऊ. आईने पाणी ओतलं हे तुम्हाला कोणी सांगितलं, हे मी कधी विचारलं नाही.

तुम्ही सांगून ठेवलं होतं की तुमच्यात देणारा माणूस जनावराच्या डोक्यावर दोन्ही हात टेकत असे, पण तो विधी आमच्याकरता नाही, नुसतं द्या. सदू ते विसरला नव्हता. तो हात बाजूला सोडून उभा होता. बोकड पुढे आला आणि त्याने आपलं डोकं सदूच्या तळव्याखाली आणून ठेवलं. सदूचा हात तसाच राहिला. मग त्याने सुरी ओढली. एकदाच.

आग चांगली धरली. आम्ही सगळे धूर वर जायची वाट बघत माना वर करून उभे, आणि धूर वर गेलाच नाही. तो दगडांवरून खाली सांडला, जाड, पांढरा, आणि टेपाडाच्या उतारावरून गावाकडे निघाला. वारा गावाकडून आमच्याकडे होता. धूर वाऱ्यात शिरून चालला. तुमच्याजवळ आला तेव्हा बांधाच्या दोन्ही अंगांनी गेला, तुम्हाला शिवला नाही. खाचरं ओलांडली, आमचं घर ओलांडलं, देवीचं देऊळ ओलांडलं. दीनाबाई तेव्हा तुमच्या दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सांगितलं की धूर आला, उंबऱ्यापाशी थांबला, आत आला नाही. आग विझेपर्यंत तिथेच उभा होता. ‘उभा होता’ हा त्यांचा शब्द.

वास मांसाचा नव्हता. कसला होता ते मला आजही सांगता येत नाही. आई म्हणाली सदू तान्हा होता तेव्हा त्याच्या टाळूला असा वास यायचा.

दीनाबाईंनी उंबरा धुतला, चुना लावला, पुन्हा धुतला. ढगाळ हवेत वास परत येई. आणि तुम्ही, जे आयुष्यभर त्या उंबऱ्यावर पाय देऊन आत जात होतात, ते त्या दिवसापासून त्याला ओलांडून जायला लागलात. तुम्हाला वाटलं असेल कोणाच्या लक्षात आलं नाही.

सदूचा आवाज आला नाही. त्या दिवशी नाही, पुढे नाही. इथून आपला वाद सुरू झाला. मी म्हणायचे, दिलं ते पोचलं असेल तर पावती हवी. तुम्ही म्हणायचात, दिल्यावर हात मागे घ्यायचा असतो, पुढे धरून उभं राहायचं नसतं. तो तारण ठेवत नाही, हे तुमचं पालुपद. मग आवाज कुठे आहे, हे माझं. मी विचारायचे, धूर तुमच्याच दारात का गेला? तुम्ही म्हणायचात, वारा. मी म्हणायचे, वारा उलटा होता. तुम्ही म्हणायचात, "मग यशोदाबाय, तूच शास्त्र वाच आता," आणि बैलाला हाकायचात.

आणखी एकदा मी तुम्हाला सांगितलं की टेपाडावर चढलेल्या शेळ्या सगळ्या एकाच बाजूला तोंड करून उभ्या राहतात, मावळतीच्या जरा उजवीकडे, तुम्ही यरुशलेमकडे तोंड करून प्रार्थनेला उभे राहता तिकडेच. तुम्ही म्हणालात वाऱ्याला पाठ करत असतील. पण त्या संध्याकाळी मी तुम्हाला खाली बांधावर पाहिलं. शेळ्या वर, तुम्ही खाली, सगळ्यांची तोंडं एकीकडे. मी हाक न मारता परत आले.

सदूला तुम्ही घाण्यावर घेतलंत. त्याचे उपकार मी तुमच्या तोंडावर कधी मानले नाहीत, ते आता मानते. घाण्याची करकर चालू असली की कोणाला बोलावं लागत नाही, म्हणून तो तिथे रमला. तुम्ही बोलत राहायचात. पावसाचं, भावाचं, तुमच्या पुस्तकातल्या राजांचं, मध्येच माझ्या हट्टीपणाचं. तो ऐकायचा. शेळ्या त्याच्याकडे बघायच्या थांबल्या. कधी थांबल्या ते कळलंसुद्धा नाही.

गेल्या वर्षी तुमचा मुलगा मुंबईहून आला, यरुशलेमकडे जायच्या बोटीची चौकशी करून. तुमच्या लोकांचं राज्य झालं म्हणाला, चला. तुम्ही त्याला विचारलंत, ते घर उभं राहिलंय का? तो म्हणाला नाही. तुम्ही म्हणालात, मग मी इथल्या उंबऱ्यावर बरा आहे. पोरगा चिडून गेला. आता तो तुमच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसला आहे, तुमच्या सुतकाच्या रीतीने सदरा फाडलेला, आणि माझ्या बिरड्यातले वाल एकेक करून खातो आहे. त्याच्यावर राग धरू नका.

आता जे तुम्हाला कधी सांगितलं नाही ते.

आई गेली त्याच्या आदल्या दुपारी तिने मला जवळ बसवलं. तिला वाटत होतं सदूचा आवाज आज ना उद्या येईल, त्याची काळजी तिला नव्हती. तिने तुमचं काढलं. म्हणाली, "हसाजीला आत जाता येत नाय म्हनं. मंग बोकड देताना मी त्याचं पन नाव घेतलं. बोकड माजा, नवस माजा, मला कोन विचारतो?" मी म्हटलं, आई, त्यांच्या शास्त्रात ते चालत नाही, दुसऱ्याने त्यांच्या वतीने द्यायचं नसतं. ती म्हणाली, म्हणून तर त्याला सांगू नको, तो कायदा काढून बसेल.

मी नाही सांगितलं. तुम्ही वादात कधी उंबऱ्यापर्यंत आलात की माझ्या ओठांवर यायचं, आणि मी परत पावतीवर जायचे. तुम्ही ते ऐकून झोपला नसतात. ठाण्याला जाऊन त्या म्हाताऱ्याला शोधला असतात. आता तुम्हाला झोप मोडायची भीती नाही, म्हणून सांगते आहे.

तुम्ही गेलात तो शनिवार होता. घाणा बंद, म्हणून सदू आमच्या ओट्यावर बसला होता. शनिवारी तुमच्या घरी काडीसुद्धा ओढत नाहीत, हे सगळ्या वैशाखऱ्याला माहीत आहे. मी आत तांदूळ धूत होते. आधी तो वास आला. इतक्या वर्षांनी, कोरड्या लख्ख सकाळी. मी हात तसेच ओले घेऊन बाहेर आले. सदू उभा होता. त्याने माझ्याकडे न बघता म्हटलं, "ताई, बघ. आता वर चालला."

आवाज घोगरा होता, वापरात नसलेल्या रहाटासारखा. मी आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मग तो दाखवत होता तिकडे. तुमच्या दारातून, उंबऱ्यापासून, धुराची एक बारीक पांढरी रेघ सरळ वर चढत होती. वारा होता. रेघ हलत नव्हती. ती वर, छपराच्या वर, वडाच्या वर गेली, आणि तिचं खालचं टोक जमिनीपासून सुटलं, आणि तेही गेलं. मग दीनाबाईंची हाक ऐकू आली.

मी धावत आले तेव्हा तुमचे हात गरम होते. दीनाबाईंनी मला विचारलं नाही मी इतक्या लवकर कशी आले. उंबऱ्याकडे बोट करून म्हणाल्या, "वास गेला गो." मी वाकून बघितलं. नुसता धुतलेल्या लाकडाचा वास येत होता.

तुम्ही म्हणाल वारा. म्हणाल, म्हाताऱ्या नजरेचा भास. सदूला तुमच्या जाण्याचा धक्का बसला असेल असंही म्हणाल, पण तो बोलला तेव्हा तुम्ही गेल्याचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो तारण ठेवत नाही, हे मी आता मान्य करते. आवाज त्याने ठेवून घेतला नव्हता. मग एवढी वर्षं तो कुठे होता, हे मला माहीत नाही, आणि ज्याच्याशी भांडून शोधून काढावं तो माणूस राहिला नाही. पण पावतीचं म्हणाल, तर ती मी डोळ्यांनी पाहिली. ती आमच्या टेपाडावरून नाही, तुमच्या दारातून गेली. आईने तुमचं नाव घेतलं होतं, आणि ज्याला बोकड दिला त्याने तुमचा कायदा माहीत असूनही ते ऐकून घेतलं असावं.

तुमचे सात दिवस झाले की सदू घाणा जुंपेल. शनिवारी जुंपणार नाही. हे मी ठरवलेलं नाही. त्यानेच मला सांगितलं, तोंडाने.